नायट्रो ट्रक पेट्रोलवर चालत नाही

रिमोटवरचा नायट्रो ट्रक दिसला की कुणीतरी म्हणतंच, "पेट्रोलची गाडी ना? बाईकमधलं थोडं काढून यात टाका." हा समज जुना आहे आणि महागात पडतो.

ट्रॅक्सास कंपनीच्या टी-मॅक्ससारख्या ट्रकचं इंधन म्हणजे मेथेनॉल, नायट्रोमिथेन (यालाच 'नायट्रो' म्हणतात) आणि तेल यांचं मिश्रण. या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतोच, असतो ग्लो प्लग. सुरू करताना त्याला बॅटरी लावून तापवतात. बॅटरी काढल्यावरही त्याची प्लॅटिनमयुक्त तार धगधगत राहते, कारण मेथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून उष्णता देते. पेट्रोल ते काम करत नाही. शिवाय इंजिनात वेगळं ऑइल नसतं. इंधनातलं तेल हेच वंगण. नुसत्या पेट्रोलवर इंजिन फिरवत बसलात तर पिस्टन कोरडा घासणार आणि इंधनाची सिलिकॉनची नळी फुगणार, ते वेगळंच.

"मग नायट्रोचं प्रमाण वाढवू" हाही तसलाच उत्साह. नवशिक्याला २० टक्क्यांच्या आसपासचं इंधन पुरतं. प्रमाण बदललं की कार्बोरेटरची सुई, म्हणजे इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू, पुन्हा जुळवावी लागते.

पहिला खर्च मोठ्या इंजिनावर तर मुळीच नको. तेल लावलेला स्वच्छ एअर फिल्टर, दणकट स्टीअरिंग सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि सिग्नल तुटला की थ्रॉटल मिटवणारं फेल-सेफ, एवढं आधी बघा. ब्रेक न लागता सुसाट सुटलेला ट्रक पकडायला धावून बघा, पटेल.