मनाचे नवीकरण आणि १९७० सालचा नागपूरचा निर्णय

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले वचन, मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्या, हे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) इतक्यांदा वाचले जाते की ते इथे पूर्ण उतरवण्याची गरज नाही. त्या वचनाबद्दल वाद कधी नव्हताच. वाद होता तो हे नवीकरण होते कधी आणि ते झाले हे मंडळीने ओळखायचे कशावरून, याचा. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्यांनी एक होताना या प्रश्नावर जो मार्ग काढला तो १९७० साली नागपुरात अमलात आला. आपल्याकडे त्याची व्हायला हवी तेवढी चर्चा होत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

जुना भाग थोडक्यात. प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. ५७च्या सुमारास लिहिले, तेही आधीच विश्वासात आलेल्या लोकांना. ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले त्यांनाच तो रूपांतर होऊ द्या म्हणतो, हे पुष्कळदा नजरेआड होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात अंतरीचा मनुष्य दिवसेंदिवस नवा होतो. उलट तीताच्या पत्रात नव्या जन्माचे स्नान आणि पवित्र आत्म्याने केलेले नवीकरण एका दमात येतात. पुढच्या बहुतेक मतभेदांची मुळे इथे आहेत. १५१७ साली विटेनबर्गचा सुधारक मार्टिन ल्यूथर याने आपल्या पहिल्याच मुद्द्यात विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे मांडले. १७३८च्या मे महिन्यात लंडनच्या एका सभेत जॉन वेस्ली या पाळकाचे अंतःकरण भरून आले आणि त्याने ती वेळसुद्धा नोंदवून ठेवली. त्याच्या मेथडिस्ट चळवळीतून दिवसवेळ सांगून दिलेल्या साक्षीला मोठे वजन आले.

नवीकरण आयुष्यभराचे की एका क्षणाचे, हे दोन्ही प्रवाह नागपुरात बरोबरच पोहोचले. १८४५ साली आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचा भर शाळेवर होता. शिक्षणाने मनाची मशागत होईल आणि वचन रुजेल, अशी त्यांची धारणा. पण भोसल्यांच्या राज्यात एका ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा मागितला तेव्हा दरबाराने त्याला परत मागितले आणि त्याला मिशनच्या आसऱ्याखालून जावे लागले. अशा प्रसंगांनी बाप्तिस्म्याचा दिवस हीच सीमारेषा ठरली. पाणी पडले की घर सुटायचे. मनात काय चालले होते ते कुणी विचारायचे नाही.

या समजुतीला सर्वांत मोठा अपवाद मराठीतच आहे. नागपुरात एका धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेले कवी नारायण वामन टिळक यांचे हे उदाहरण. हा कवी १८९३ साली रेल्वेने राजनांदगावला निघाला होता. डब्यातल्या सहप्रवाशाने त्याला नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्याला पुस्तक खाली ठेववेना. तरी बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधला सगळा काळ नवीकरणाचाच होता. त्याच्या पत्नीचे, लक्ष्मीबाईंचे, उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तिचा बाप्तिस्मा १९००चा, पण जातीपातीचा विटाळ तिने त्याआधीच, हिंदू असतानाच, मनातून काढून टाकला होता. कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली त्या दिवशी ती कुठल्याच मंडळीच्या रजिस्टरवर नव्हती.

१९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. राजधानी नागपूरच. १९५६ला आलेल्या अहवालानंतर आमिषाने झालेले धर्मांतर आणि मनापासूनचे परिवर्तन यांतला फरक मंडळ्यांना जाहीरपणे सांगावा लागला. निव्वळ बाप्तिस्म्याचे आकडे दाखवून आता भागण्यासारखे नव्हते.

आता मुख्य निर्णय. १९२९ साली लखनौला सुरू झालेली एकीकरणाची बोलणी चाळीस वर्षे चालली आणि २९ नोव्हेंबर १९७०च्या रविवारी नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलण्यांत सुरुवातीपासून असलेली एक मोठी मंडळी अगदी शेवटी मागे फिरली. सहांपैकी काही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या, काही फक्त स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यांना. शेवटी दोन्ही वाटा सारख्याच मानाच्या ठरल्या. बालबाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण (समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), ही एक. बाळाचे अर्पण आणि समज आल्यावर बाप्तिस्मा, ही दुसरी.

गाठ बसली ती तिसऱ्याच ठिकाणी. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस तिशीत येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, खरा विश्वास मला आत्ता लाभला, आता मला बाप्तिस्मा द्या,” तर? हो म्हणावे तर पहिला बाप्तिस्मा खोटा ठरतो. नाही म्हणावे तर त्याच्या सदसद्विवेकाचा अपमान होतो. मसुद्यांवर मसुदे झाले त्याचे हे एक मोठे कारण. टीकाकारांनी दोन वाटांच्या तोडग्याला तडजोड म्हटले आणि आजही काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोन्ही वाटांत पाण्याच्या आधी किंवा नंतर वर्षानुवर्षांची शिकवण गृहीत धरली आहे. म्हणजे नवीकरण एका विधीत मावत नाही, हे सहाही मंडळ्यांनी कागदावर मान्य केले. पौलाच्या वचनाशी हे अधिक प्रामाणिक आहे.

अलीकडे चित्र पुन्हा बदलले आहे. संजीवन सभांमधून (विश्वासाला नवी उभारी देण्यासाठी भरणाऱ्या सभा) आणि मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून मनाचे नवीकरण म्हणजे नकारात्मक विचार झटकून आशीर्वाद तोंडाने बोलत राहणे, अशी शिकवण जोरात आहे. त्यातून खचलेल्या माणसाला उभारी मिळते हे नाकारता येत नाही. पण डिप्रेशनने ग्रासलेल्या एखाद्या बहिणीला “तुझा विश्वास कमी पडतो” असे सांगितले जाते तेव्हा नुकसान होते. औषध घेणे हा अविश्वास नव्हे, हे पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

बाराव्या अध्यायाचे पुढचे विषय वेगळेच आहेत: स्वतःला वाजवीपेक्षा मोठे न समजणे, पाहुणचार, रडणाऱ्यांबरोबर रडणे, भुकेल्या शत्रूला जेवू घालणे. दृढीकरणाच्या वर्गात या अध्यायातले दुसरे, नवीकरणाचे वचन पाठ करून घेतात त्याच तासाला तिसऱ्यापासून एकविसाव्यापर्यंतचीही घ्यावीत. मुलांच्या ‘पण म्हणजे करायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे लिहिलेले आहे.