बिडाचे नळ आणि रोबोचा डोळा

पावसाळ्यात शहराला पाणी देणाऱ्या आजवा तलावाची पातळी किती फुटांवर गेली, हे बडोद्यात शाळकरी पोरगंही सांगेल. त्या पाण्याच्या जमिनीखालच्या प्रवासाबद्दल मात्र कोणाला फारसं विचारावंसं वाटत नाही.

आजवा बांधण्याआधी शहराची भिस्त विहिरी आणि वावांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर होती. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९२ साली आजव्याचा तलाव पुरा झाला. अभियंते जगन्नाथ सदाशिव हाटे. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी उतारानेच यायचं. पुढे शहर वाढलं, मही नदीच्या पात्राखालचं पाणी खेचणाऱ्या फ्रेंच विहिरींचं पाणी आलं आणि जुन्या लायनींना नव्या जोडल्या गेल्या.

त्या जमान्यात नळ म्हणजे बिडाचे. सांध्यात ताग ठासून वर वितळलेलं शिसं ओतायचे. बीड टिकतं खरं, पण त्याचा एक दोष फसवा आहे. मातीतल्या ओलाव्याने त्यातलं लोखंड झिजून जातं आणि मागे ग्राफाइटचा ठिसूळ साचा राहतो. वरून नळ धडधाकट दिसतो, अन् रस्त्यावरून ट्रक गेला की तडकतो. नळाचं वय मोजून हे कळत नाही, कारण एकाच वर्षी टाकलेला एक तुकडा शाबूत असतो आणि शेजारचा पोखरलेला.

पूर्वी गळती कानाने शोधत. दांडी वॉल्व्हवर टेकवून आवाज ऐकायचा. तेलवाहिन्यांमध्ये १९६०च्या दशकातच चुंबकीय पद्धतीने भिंतीची झीज मोजणारी यंत्रं धावू लागली होती. पाण्याचे नळ त्यासाठी बांधलेलेच नव्हते. यंत्र आत सोडायला दार नाही, वाटेत वॉल्व्ह आणि अचानक वळणं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. ठराविक वेळीच पाणी सुटतं, त्यामुळे बाकी वेळ गळतीचा आवाजच नसतो. रिकाम्या लायनीत दाब उरला नाही की शेजारच्या गटाराचं पाणी फटीतून आत शिरतं. खरा धोका हाच. पण कॅमेऱ्याचा रोबो आत घालायला सोयीची वेळही हीच, आणि आयआयटी मद्रासमधून निघालेल्या सोलिनास कंपनीचा एंडोबॉट अशाच तपासणीसाठी बनवलेला आहे.

रोबो मुख्य वाहिनीत चालतो. घराघरात जाणाऱ्या बारीक जोडण्यांत तो मावत नाही, आणि बरीचशी गळती तिथेच असते. गटारातून ओढलेल्या त्या जुन्या जोडण्या बदलण्यासाठी रस्ता खणावाच लागतो.