कॅम बदलला, आता स्प्रिंग कोणती?

जोरदार कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला फिरता दांडा, थोडक्यात कॅम) बसवला की बाजारातली सर्वांत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, म्हणजे व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग, घ्यावी, असा पक्का समज आहे. ‘कॅम बसला ना, मग जुन्याच स्प्रिंगा चालतील’ असे म्हणणारेही कमी नाहीत. दोन्ही वाटांनी इंजिनाचे नुकसानच होते.

शेवरोलेचे एलएस3 हे व्ही-8 इंजिन घेऊ. कंपनीच्या कॅमवर त्याचा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह 14 मिमी उघडतो. नवा कॅम तो समजा 15.2 मिमी उघडणार आहे. कॅम व्हॉल्व्हला फक्त ढकलतो, ओढत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडत आला की व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगच्या माथ्यावरची चकती) आणि कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारे टॅपेट, पुशरॉड, रॉकर या साऱ्यांचा वेग मारून त्यांना माघारी फिरवायचे काम एकट्या स्प्रिंगचे असते. त्यासाठी लागणारे बल इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची मर्यादा 5500 वरून 6500 फेऱ्यांवर नेली की हे बल 40 टक्के जास्त लागते. स्प्रिंग कमी पडली तर टॅपेट कॅमपासून सुटतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) टॅपेट ती फट तेलाने भरून काढतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. ताकद एकदम पडते, आणि पुढची पायरी म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळणे.

मग कडक स्प्रिंगच का नको? कारण स्प्रिंगलाही वस्तुमान आहे आणि तिची स्वतःची कंपनसंख्या आहे. समजा ती सुमारे 400 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 400 कंपने, आहे. क्रँक मिनिटाला 6000 फेरे घेतो तेव्हा कॅम सेकंदाला 50 फेरे घेतो. पण कॅमचा धक्का साध्या लाटेसारखा नसतो. त्यात 50 च्या पटीतल्या कितीतरी लाटा मिसळलेल्या असतात. त्यातली आठवी नेमकी 400 हर्ट्झची. झोपाळ्याला अचूक वेळी धक्का मिळाल्यासारखी स्प्रिंग झुलू लागते, वेढ्यांतून लाट वरखाली धावते आणि जिथे बल सर्वाधिक हवे त्याच क्षणी ते घटते. सुमारे 6850 फेऱ्यांना सातवी लाट गाठ घालते आणि ती सहसा आणखी जोरदार असते. कॅमचा चढ जितका तीव्र, तितक्या या वरच्या लाटा प्रबळ.

वेढ्यांची संख्या आणि व्यास तेच ठेवून तार 10 टक्के जाड केली, तर कडकपणा चौथ्या घाताने, म्हणजे 46 टक्के वाढतो. कंपनसंख्या मात्र फक्त 10 टक्के. शिवाय जाड वेढे लवकर एकमेकांना टेकतात. म्हणून वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग मला अधिक शहाणपणाची वाटते: तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो आणि सगळे वेढे एका सुरात कंप पावत नाहीत. दुहेरी स्प्रिंगमध्ये आतली-बाहेरली घासून कंपन जिरवतात.

आता मोजमाप. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि त्याला व्हॉल्व्हवर अडकवणारे लॉक बसवा, व्हॉल्व्ह सीटवर ओढून धरा आणि स्प्रिंगची बसण्याची उंची मोजा. ती 45.7 मिमी आली, त्या उंचीला स्प्रिंगचा दाब 59 किलो आणि दर मिलिमीटरला वाढ 5.68 किलो असेल, तर पूर्ण उघडल्यावर दाब सुमारे 145 किलो होतो. तेव्हा स्प्रिंगची लांबी उरते 30.5 मिमी. तिचे वेढे 29 मिमीला टेकत असतील तर 1.5 मिमी मोकळीक राहते, आणि तेवढी पुरते. याहून फार मोकळीक ठेवणेही बरे नाही, कारण जवळ आलेले वेढे लाट दाबतात. रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही इतकेच अंतर तपासा. दाब वाढवायला स्प्रिंगखाली 0.75 मिमीची शिम (पातळ चकती) घातली तर जेमतेम 4.3 किलो मिळतात, पण मोकळीक निम्मी होते.

‘रेसिंग’ छापलेल्या रंगीत स्प्रिंगांनी हॉर्सपॉवर वाढते, ही निव्वळ जाहिरात आहे. स्प्रिंग ताकद निर्माण करत नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग पुशरॉड वाकवते आणि हायड्रॉलिक टॅपेट दाबून व्हॉल्व्हची उघड कमी करते. जुन्या इंजिनांतल्या सपाट तळाच्या टॅपेटवर तर नव्या कॅमची लोबच (उंचवटाच) झिजते. म्हणून तिथे दुहेरी स्प्रिंग असल्यास पहिल्या वीसेक मिनिटांच्या रनिंग-इनसाठी आतली स्प्रिंग काढून ठेवतात. नवी स्प्रिंग काही वेळा तापून निवली की तिचा दाब थोडा उतरतो. तो पुन्हा मोजावा, आणि इंजिनाच्या सोळा स्प्रिंगांपैकी एखादी फार मागे पडली असेल तर ती बदलावी.