डावीकडच्या खुर्चीतला गडी को-पायलट नव्हता

व्हिएतनाममधल्या अमेरिकी ओएच-६ हेलिकॉप्टरचा फोटो कुठेही टाका, खाली 'दोन पायलट' असं लिहिणारा कुणीतरी उगवतोच. अंड्याच्या आकाराचं इवलंसं मशीन, दारं काढून ठेवलेली, उजवीकडे एक हेल्मेट, डावीकडे दुसरं. दोन हेल्मेटं म्हणजे दोन पायलट, विषय संपला! डावीकडच्या माणसाला पायलटचे विंग्ज नसायचे, तो ऑब्झर्व्हर, म्हणजे टेहळणी करणारा असायचा, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'म्हणजे को-पायलटच ना?' नाही हो.

को-पायलट काय असतो ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. तोही पूर्ण शिकलेला पायलट, फक्त त्या उड्डाणात दुय्यम. आज दुसऱ्याच्या हाताखाली, उद्या मशीन त्याच्या ताब्यात. अमेरिकी लष्करात हे बहुतेक वॉरंट ऑफिसर किंवा कमिशन्ड अधिकारी. ऑब्झर्व्हर मात्र साधा जवान किंवा सार्जंट. तो कितीही तास उडला तरी त्या मशीनचा प्रमुख होऊ शकत नव्हता. डोअर गनर (दारातून मशीनगन चालवणारा) आणि क्रू चीफ (मशीनची देखभाल बघणारा) हे आणखी वेगळे. लोचमध्ये, म्हणजे याच ओएच-६ मध्ये, मागे बसलेला क्रू चीफ मशीनगनही चालवायचा आणि टेहळणीही करायचा, त्यामुळे तिथे सरमिसळ व्हायची. ती सोडून देऊ, तिच्यामुळे कुणाचं फारसं अडत नाही.

खरं अडतं ते हेलिकॉप्टर उडवायच्या दांडीपाशी. 'त्याच्यासमोर कंट्रोल्स होते, त्याला उडवायला शिकवलं होतं, मग पायलट कसा नाही?' कंट्रोल्स असायचे हे खरं. ओएच-५८ कायोवा या दुसऱ्या टेहळणी हेलिकॉप्टरमध्ये डावीकडची दांडी काढूनही ठेवता यायची, पण बसवलेली असली की ऑब्झर्व्हरला थोडंफार उडवायला शिकवलं जाई. कशासाठी? उजवीकडचा पायलट गोळी लागून कोसळला तर मशीन सरळ ठेवून कुठेतरी धड उतरवता यावं म्हणून. तेवढ्यासाठीच. ट्रकचा क्लीनर घाटात वेळ पडली तर स्टिअरिंग सांभाळतो, म्हणून त्याच्या खिशात हेवी लायसन्स असतं असं कुणी म्हणत नाही. पुढे अमेरिकी लष्करात या कामाचा स्वतंत्र ट्रेड झाला, ९३बी, एरोस्काउट ऑब्झर्व्हर. त्याच्या कामांच्या यादीत आणीबाणीत मशीन हाताळणं होतं, पण मूळ काम ते नव्हतं. वैद्यकीय तपासणीही पायलटची वेगळी आणि ऑब्झर्व्हरची वेगळी: त्याची तिसऱ्या वर्गाची.

मूळ काम डोळ्यांचं. स्काउट, म्हणजे टेहळणीचं हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना घासत जातं. पायलटची नजर पुढच्या फांदीवर, तारेवर, वाऱ्यावर. त्या उंचीवर त्याने मान खाली घालून नकाशा बघितला तर संपलंच. म्हणून नकाशा ऑब्झर्व्हरच्या मांडीवर. आपण कुठे आहोत, पुढचं वळण कुठलं, कुठल्या डोंगराच्या आडून जायचं, रेडिओवर कुणाला काय कळवायचं, हे सगळं त्याच्याकडे. एकाने मशीन सांभाळायचं, दुसऱ्याने शत्रू शोधायचा. को-पायलट ही पायलटची दुसरी प्रत असते, ऑब्झर्व्हर ही त्याच्या कामाची दुसरी बाजू आहे. हे एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

व्हिएतनाममध्ये हे शोधणं म्हणजे गवतातली ताजी पायवाट, झाडीतून निघणारा चुलीचा धूर, बंकरच्या तोंडावरची नवी माती. लोच खाली घिरट्या घालायचं आणि वर कोब्रा ही गनशिप, म्हणजे हल्ल्यासाठीचं सशस्त्र हेलिकॉप्टर, टपून असायची. स्काउट तुकडीचा ठरलेला रंग पांढरा, गनशिप तुकडीचा लाल, म्हणून या जोडीला पिंक टीम म्हणत. बरेच ऑब्झर्व्हर स्मोक ग्रेनेडची पिन आधीच काढून तो हातात घट्ट धरून बसायचे. खालून गोळी आली की मूठ सोडायची, रंगीत धूर उठायचा, पायलट मशीन वळवून पळ काढायचा आणि कोब्रा त्या धुरावर तुटून पडायची. खडबडीत हवेत तासन्‌तास असं बसायचं, आणि वर फोटोखाली लोकांनी लिहायचं 'को-पायलट'. राग येतो तो यासाठी.

तोफखान्याचा मारा दुरुस्त करणं हे या कामातलं सगळ्यात कसबाचं. जमिनीवर बसलेल्या ऑब्झर्व्हरला एक सोय असते: तो हलत नाही. त्याच्यापासून लक्ष्यापर्यंतची रेषा ठरलेली, म्हणून 'उजवीकडे ५०, पुढे १००' म्हटलं की तोफांकडच्या माणसांना मीटर कुठल्या दिशेने मोजायचे ते कळतं. हेलिकॉप्टरमधल्याची रेषा क्षणाक्षणाला फिरते. त्याची 'उजवी' कुठली? म्हणून तो तोफेपासून लक्ष्यापर्यंतची रेषा धरतो, नाहीतर सरळ उत्तर-दक्षिण सांगतो, नाहीतर एखादा रस्ता ठरवून त्याच्या हिशोबाने बोलतो. शिवाय गोळा पडेपर्यंत उघड्यावर तरंगत राहणं म्हणजे आत्महत्या. मशीन झाडांमागे दडून राहतं. गोळा पडायला पाच सेकंद उरले की तोफांकडून 'स्प्लॅश' असा इशारा येतो, मशीन वर येतं, ऑब्झर्व्हर स्फोट बघतो, मशीन पुन्हा खाली. त्या दोन-चार सेकंदांत गोळा किती चुकला ते त्याला सांगता आलं पाहिजे. उडवण्याचं कौशल्य इथे कामाचं नाही, नजर आणि अंदाज लागतो.

१९८०च्या दशकात ओएच-५८डी आलं. पंख्याच्याही वर बसवलेला एक गोळा, त्यात टीव्ही कॅमेरा, थर्मल कॅमेरा आणि लेझर. अख्खं हेलिकॉप्टर झाडांआड, नुसता गोळा वर. डावीकडचा माणूस पडद्यावर रणगाडा ओळखणार, त्यावर लेझर धरून ठेवणार आणि दूर दडलेलं अपाची हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर त्या ठिपक्यावर हेलफायर क्षेपणास्त्र सोडणार. क्षेपणास्त्र पोचेपर्यंत ठिपका हलता कामा नये. ओळखण्यात चूक झाली तर आपलाच रणगाडा जायचा.

मराठी वाचकांचा गोंधळ होतो त्याला मात्र एक वेगळं कारण आहे आणि ते मला पटतंही. आपल्याकडे ऑब्झर्व्हर म्हटलं की एअर ओपी (एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट), म्हणजे हवेतून तोफांचा मारा बघणारी तुकडी आठवते. नाशिककरांना हे सांगायला नको: देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं, आणि डोक्यावर चीता-चेतक हेलिकॉप्टरांची घरघर. एअर ओपीची कल्पना ब्रिटिशांची. १९४१ साली त्यांची ६५१ स्क्वाड्रन उभी राहिली ती एका साध्या तत्त्वावर: पायलटला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच उडवायला शिकवा. तोच विमान चालवणार, तोच रेडिओवर मारा दुरुस्त करणार. भारताने हीच रीत उचलली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोर वेगळी होईपर्यंत आपलं एअर ओपी तोफखान्याचाच भाग होतं. म्हणजे आपल्याकडे निरीक्षण करणारा खरोखरच पायलट असतो, अधिकारी असतो. तोच साचा अमेरिकी लोचवर बसवला की घोटाळा झालाच.

दोन्हींत सरस काय, असं विचारलंत तर माझं उत्तर कामावर ठरतं. आपल्या बाजूला राहून लांबून तोफांचा मारा बघायचा असेल तर एकाच डोक्यात दोन्ही विद्या असणं उत्तम. झाडांच्या उंचीवर शत्रू हुडकायचा असेल तर दोन माणसं, दोन कामं. एकट्याने दोन्ही करणं तिथे जमत नाही.

पुढे ओएच-५८डी सशस्त्र झालं, कायोवा वॉरियर म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि डाव्या खुर्चीतही पायलटच बसू लागला. २०१७ मध्ये अमेरिकी लष्करातून निवृत्त झालं ते हेच मशीन. तेव्हा फोटोखाली काही लिहिण्याआधी मॉडेल बघा. पंख्यावर गोळा आणि अंगाला रॉकेटं असतील तर 'दोन पायलट' म्हणायला हरकत नाही. गोळा नसेल तर डावीकडच्याच्या मांडीवर नकाशा आहे का बघा.