गोधडी आणि हातशिलाई (पुण्यातील छंद)

सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून ते हाताने घातलेल्या धावदोऱ्याने (वर-खाली जाणाऱ्या साध्या सरळ टाक्याने) एकजीव करणे म्हणजे गोधडी शिवणे. महाराष्ट्राच्या काही भागांत गोधडीला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली लहान, पातळ गोधडी म्हणजे दुपटे. पुण्यात हे काम आज गरजेपेक्षा आवडीने जास्त होते. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे डबे सांभाळून दिवसातला अर्धा-पाऊण तास सुईदोऱ्याला देणारी माणसे पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत आहेत, तशी कोथरूड, बाणेर, हडपसरच्या सोसायट्यांतही आहेत. त्यात बायका अधिक, पण निवृत्तीनंतर सुई हातात घेतलेले पुरुषही दिसतात.

पार्श्वभूमी

जुन्या पुणेरी घरात कापड सहसा टाकले जात नसे. लुगडे आधी बाहेर, मग घरात नेसले जाई. विरले की त्याचे दुपटे होई किंवा ते गोधडीच्या पोटात जाई. उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे होई. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांबीचे. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा होतो, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे चारही थर एकाच लुगड्यातून निघतात. पाचवारी साडीत हे गणित जमत नाही. साडेपाच मीटरमध्ये पूर्ण लांबीचे दोनच थर निघतात आणि दीड मीटरचा तुकडा उरतो. त्यामुळे पाचवारीची गोधडी नेहमी दोन-तीन साड्यांची, अनेक जोडांची असते.

कापडाला दुसरी वाटही होती. दुपारच्या वेळी दारावर बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे द्यायची. ती कपडा उजेडात धरून बघायची आणि फाटका असेल तर बाजूला सारायची. त्यामुळे धड कपडे पातेल्याला जात आणि विरलेले गोधडीला. हे गोधडीच्या पथ्यावरच पडे, कारण वापरून मऊ झालेल्या कापडातून सुई अलगद जाते. पुढे नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर आल्या आणि गोधडीचे खरे नुकसान तिथे झाले. असे कापड सुईखाली सरकते, घाम शोषत नाही आणि कितीही वापरले तरी सुतासारखे मऊ पडत नाही. त्याच सुमारास गाद्या आणि गिरणीतली ब्लँकेटे आवाक्यात आली, आणि घरी गोधडी शिवण्याची निकड संपली.

शिवण शिकण्याची मात्र पुण्यात जुनी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनात शिवणकाम हे बायकांना स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण म्हणून शिकवले गेले. शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, टीप, तुरपाई, काज, बटण असे नमुने कापडाच्या तुकड्यांवर शिवून वहीत चिकटवण्याची पद्धत होती. आज चाळिशी-पन्नाशीत गोधडीकडे वळणाऱ्या कित्येकांची सुईशी पहिली ओळख त्या वहीतच झालेली असते, आणि हात ती विसरत नाही.

साहित्य

खर्च थोडा असल्याने हा छंद कुणालाही परवडतो. सुया, रिळे, टाचण्या, अंगुस्तान (बोटात घालायची टोपी), शिंप्याचा खडू, मेजर टेप या वस्तू तुळशीबागेत आणि रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास मिळतात. बटणे, लेस, दोऱ्याची घाऊक दुकानेही तिकडेच. अस्तराला मांजरपाट, म्हणजे साधे कोरे सुती कापड, उत्तम. नवे कापड घ्यायचेच असेल तर वायल किंवा पॉपलीन घ्यावे. चादरीचे जाड कापड नवशिक्याने टाळावे, कारण तीन-चार थरांतून सुई ओढताना बोटे भरून येतात. ओळखीच्या शिंप्याकडे ब्लाउजांचे कातरण मागितले तर सहसा नाही म्हणत नाहीत, आणि रंगांची एवढी विविधता दुकानातल्या तयार संचात सापडणार नाही.

सुई नेढे मोठे असलेली पण अंगाने बारीक हवी. दाभण, म्हणजे जाड मोठी सुई, पोती शिवायला ठीक. साडीच्या कापडाला ते भोके पाडते. दोरा सुती आणि मऊसूत असावा. पॉलिएस्टरचा दोरा चिवट असतो खरा, पण जुने कापड त्याच्यापुढे टिकत नाही; काही वर्षांनी दोरा शाबूत आणि टाक्याशी कापड चिरलेले अशी स्थिती होते. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही.

कृती

कापड आधी धुऊन खळ काढावी. नवे कापड आटते, म्हणून तेही भिजवून वाळवावे. खण किंवा इरकलीचा तुकडा वापरायचा असेल तर ओले पांढरे फडके त्यावर चोळून बघावे. फडक्याला लाली लागली तर तो तुकडा रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळा धुवावा. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली तर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी होते.

मग फरशी पुसून खालचा पदर (थर) उलटा अंथरतात. त्यावर मधले थर. जोडाचे तुकडे शेजारी शेजारी लावावेत; कडा एकमेकांवर चढल्या की तिथे वळकटी राहते आणि ती झोपणाऱ्याच्या पाठीला बरोबर कळते. सगळ्यांत वर चांगला पदर. चार कोपऱ्यांवर जड डबे ठेवून तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या सारायच्या आणि मधूनच सुरुवात करून लांब लांब कच्चे टाके घालून थर टाचून घ्यायचे. हा भाग एकट्याने करणे अवघड असते. घरात कुणी नसेल तर शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते, आणि बऱ्याच घरांत पुढच्या गप्पांची सुरुवात इथूनच होते.

कडा आत दुमडून बाहेरून शिवायला घेतात. काठाकाठाने एक फेरी, मग बोटभर आत दुसरी, असे गोल गोल आत येत गोधडी मध्यावर संपते. या पद्धतीत कडा आधीच बंद होतात, वेगळी पट्टी लावावी लागत नाही. मात्र बाहेरून आत येताना कापडाचा सैलपणा मध्ये ढकलला जातो. कच्चे टाके विरळ असतील तर मध्यभागी फुगा येतो. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये उलट मधून बाहेर जातात आणि शेवटी कडेला पट्टी शिवतात. दोन्ही क्रम बरोबर आहेत. ज्याची कड आधी बंद, त्याने मध्याची काळजी घ्यायची, एवढेच.

प्रत्यक्ष टाका असा पडतो. दोरा हातभर घ्यायचा, त्याहून लांब नाही. गाठ बारीक मारून सुई वरच्या पदरातून घालायची आणि दोऱ्याला हलका हिसका द्यायचा, म्हणजे गाठ आतल्या थरात जाऊन बसते. डावा हात गोधडीखाली असतो. सुईचे टोक खालच्या तर्जनीला जेमतेम लागले की उजव्या हाताने सुई आडवी करून टोक वर काढायचे. असे तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की मधल्या बोटातल्या अंगुस्तानाने मागून रेटायचे आणि दोरा ओढून घ्यायचा. ओढ बेताची हवी. जास्त ओढले तर चुण्या पडतात, सैल सोडले तर लहान मुलांच्या पायाची बोटे टाक्यात अडकतात. सुरुवातीला टाके लहान-मोठे येतात. त्यासाठी उसवत बसू नये. गोधडी धुतल्यावर कापड जरा आवळते, टाक्यांभोवती खळगे पडतात आणि तो फरक त्यात मिसळून जातो.

यंत्रावर शिवलेली गोधडी लवकर होते, भक्कमही असते. पण शिवणयंत्राची टीप थरांना घट्ट आवळते आणि गोधडी ताठ राहते. हाताच्या धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये कापडाला श्वास घेण्याइतकी जागा उरते. थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच ऊब येते, म्हणून पांघरायला हातचीच गोधडी सरस ठरते. पुण्याच्या थंडीला ती पुरते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. एरवी डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तो दहाच्या आसपास असतो, आणि मार्चनंतर चार थरांची गोधडी अंगावरून खाली जाऊन अंथरूण होते.

रोजचे शिवणे

छंद टिकतो तो कामाचा तुकडा लहान ठेवल्याने. दोन मीटरची गोधडी मांडीवर घेऊन बसमध्ये जाता येत नाही, पण चौकोनांची पिशवी पर्समध्ये मावते. नवशिक्यासाठी दुपट्याचे गणित सोपे आहे: ३६ इंची चौरस दुपट्याला ४ इंची ८१ चौकोन लागतात, नऊ ओळी, ओळीत नऊ. शिवणीसाठी चारही बाजूंना पाव इंच सोडायचा, म्हणून प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापायचा. रोज तीन जोडले तर महिनाभरात वरचा पदर तयार. पुढे अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोरा घालायचा म्हटले तर टाक्यांची वाट सुमारे ६५ मीटर भरते. आकडा ऐकून छाती दडपते, पण रोज दोन मीटर, म्हणजे दूध तापत ठेवून किंवा क्लासबाहेर मुलाची वाट बघत होण्यासारखे काम आहे.

या छंदाची गोडी नेमकी इथे आहे. विणकामात एक टाका निसटला की खालची ओळ उसवते. धावदोरा कुठेही थांबतो आणि कुठूनही पुन्हा सुरू होतो. डोळे कापडावर असले तरी कान मोकळे राहतात, त्यामुळे गाणे, बातम्या, घरातले बोलणे सगळे चालू राहते. फोन मात्र हातात घेता येत नाही, आणि कित्येकांना हे शिवणे त्यासाठीच आवडते. दिवसभराच्या कामाचे संध्याकाळी काही दिसत नाही अशी खंत असलेल्या माणसाला शिवलेल्या ओळी मोजता येतात.

हातशिलाईत गोधडीखेरीज बरेच काही येते: साडीला हाताने फॉल लावणे, परकराचा उसवलेला नेफा, शाळेच्या पिशवीचा बंद, जीन्सच्या गुडघ्यावरचे ठिगळ. नुसते गोधडीसाठी शिकलेला हात या कामांनाही आपोआप लागतो. पूर्वी दिसू नये म्हणून त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू करत. आता तरुण मुले-मुली मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, दिसेल असे ठिगळ लावतात. जुन्या पिढीला ते पटत नाही. कपडा टाकून न देता वापरला जातो, तेव्हा दोन्ही पद्धती योग्य मानाव्यात.

पुण्यात सर्वांत जास्त शिवली जातात ती दुपटी, आणि बहुतेक वेळा बारशासाठी. आजीची किंवा पणजीची सुती साडी त्यात घालण्याची प्रथा आजही पाळली जाते, कारण नव्या कापडाची खळ आणि खरबरीतपणा तान्ह्याच्या त्वचेला सोसत नाही. दुपट्याबरोबर खणाची कुंचीही शिवतात. दुपट्याला मात्र जर, टिकल्या, मणी लावू नयेत. ते सुटतात आणि बाळाच्या तोंडात जातात.

जुनी शिवण आणि भरतकाम बघायचे असेल तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात भरतकाम केलेली जुनी वस्त्रे आहेत. पोटापाण्यासाठी गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडून शिकण्यासारखे सर्वांत जास्त असते. त्यांचा हात कापडावर न आखता सरळ ओळ धरतो. बचत गटांच्या प्रदर्शनांत त्यांच्या शेजारी उभे राहून बघावे, आणि गोधडी विकत घ्यायची असेल तर घासाघीस करू नये. एक दुपटे स्वतः शिवलेल्या माणसाला त्या किमतीतले तास दिसतात.

इतर परंपरा

बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी या धावदोऱ्याच्याच कला, पण त्यांत टाक्यांनी चित्रे उमटतात. सिंध, राजस्थान, गुजरातकडे रल्ली नावाची गोधडी आहे. आपल्या गोधडीला सर्वांत जवळची म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हळियाळ भागातील सिद्दी समाजाची कवंदी. तीही काठापासून आत शिवत जातात, आणि ठिगळे जोडणे व थर शिवणे एकाच वेळी करतात. जपानचा साशिको, हाही धावदोऱ्याचाच प्रकार, दुरुस्तीतून वाढला. अमेरिकेत अलाबामातील गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेल्या क्विल्ट २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. मुळात त्या घरची पांघरुणेच होती.

निगा

घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची पद्धत आहे, आणि पूर्वी त्यासाठी गोधड्या नदीवर नेत. आज हे काम बाथरूममध्ये किंवा मशीनमध्ये होते. भिजलेली गोधडी फार जड होते. एका टोकाला धरून उचलली तर टाके तुटतात, म्हणून ती घडी घालूनच उचलावी, पिळू नये, आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. आतला थर वरून कोरडा लागला तरी दमट असतो, तेव्हा दोन दिवसांचे ऊन द्यावे. पावसाळ्यात गोधडी धुऊ नये. सुताला कुबट वास धरतो आणि काळे ठिपके पडतात. वरचा पदर विरला तर उसवायची गरज नसते. त्यावर दुसरे सुती कापड अंथरून जुन्याच ओळींच्या मधून नवा धावदोरा घालावा, म्हणजे जुनी भोके चिरत नाहीत. असे दोन-तीनदा केल्यावर गोधडी जड होते. मग ती अंथरायला ठेवून पांघरायला नवी घ्यावी.