कानात आवाज सुरू झाला आणि कारण कळत नाही: पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे

कानात नवा आवाज सुरू झाला की सगळ्यात आधी तारीख लिहून ठेवा. कोणत्या दिवशी सुरू झाला, एका कानात की दोन्ही, शिट्टीसारखा आहे की रातकिड्यांसारखा की नाडीच्या ठोक्यासारखा, आणि त्या कानाने ऐकायला कमी येतंय का, एवढं कागदावर असलं तरी कानाच्या डॉक्टरांचं अर्धं काम होतं. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेतल्या 28 कर्णरोगांत 'कर्णनाद' आहे, म्हणजे तक्रार फार जुनी आहे. टिनिटस हे स्वतः एक लक्षण आहे, त्यामागची कारणं अनेक असतात. त्यातली मोजकीच घाईची आहेत. ती आधी बाजूला काढायची आणि मग शोध थांबवायचा, हा क्रम पाळला तर माणूस पुष्कळ त्रासातून वाचतो.

घाईचं पहिलं कारण म्हणजे अचानक आलेलं नसेचं बहिरेपण. सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसल्यासारखं वाटतं आणि आत आवाज सुरू असतो. घरचे म्हणतात, सर्दी असेल, वाफ घे. यात आठ-दहा दिवस जातात आणि इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं. घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. तोंड मिटून 'म्ऽऽऽ' असा सलग, खालचा स्वर काढा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. दडा बसलेल्या कानात घुमत असेल तर बहुधा मळ, सर्दीचं पाणी असा वाट अडवणारा प्रकार असतो. चांगल्या कानात घुमत असेल तर नसेचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. काहीच ठरवता आलं नाही तरी जायचंच. ही चाचणी ढोबळ आहे. डॉक्टरांकडचा 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कानाशी वाजवायचा धातूचा काटा) आणि ऑडिओमेट्री (यंत्रावरची ऐकण्याची चाचणी, तिचा आलेख निघतो) खरं काय ते सांगतात.

72 तासांच्या आत लागोपाठच्या तीन वारंवारितांवर, म्हणजे तीन वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांवर, ऐकणं 30 डेसिबलने किंवा त्याहून अधिक घसरलं असेल तर त्याला अचानक बहिरेपण म्हणतात. उपचार स्टेरॉइडचा. तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर फायद्याची शक्यता जास्त असते. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत पडद्यातून कानात इंजेक्शन देऊन प्रयत्न करतात. मधुमेह असेल तर ते आधीच सांगा, कारण स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढते आणि अशा रुग्णाला थेट कानातलं इंजेक्शन सोयीचं पडू शकतं.

दुसरा प्रकार ठोक्याचा. मनगटावर बोट ठेवा आणि कानातला आवाज नाडीबरोबर पडतो का ते पाहा. पडत असेल तर रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासायचे. या तिघांत उत्तर सापडलं तर सुटका सोपी असते. नाही सापडलं, विशेषतः ठोका एकाच कानात असला, तर रक्तवाहिन्या पाहण्यासाठी स्कॅन लागतो. चेहरा वाकडा होणं, गरगरून पडायला होणं, डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू होणं, यांपैकी काही असेल तर थांबायचं नाही. आवाज एकाच कानात टिकून असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात स्पष्ट फरक असेल तर एमआरआय सांगतात. श्रवणाच्या नसेवर क्वचित एक गाठ येते, ती नाही ना हे त्यात पाहायचं असतं. ही गाठ कर्करोगाची नसते आणि सहसा सावकाश वाढते. दोन्ही कानांत सारखी शिट्टी आणि ऐकणं दोन्हीकडे समान असेल तर एमआरआयचे पैसे बहुधा वाया जातात.

सांगली जिल्ह्यात एक बरं आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे 1962 पासून आहे, आणि जतच्या टोकाच्या माणसालाही ऑडिओमेट्रीसाठी पुणे गाठावं लागत नाही. फक्त चाचणीला जाताना एक पथ्य पाळा: आधीचे 14 ते 16 तास मोठ्या आवाजापासून लांब राहा. विट्यात रात्रपाळीला माग चालवून थेट चाचणीला बसलं, तर कान तात्पुरता दमलेला असतो आणि आलेख खरं आहे त्यापेक्षा वाईट येतो.

आलेखात 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे स्वर तपासतात. 25 डेसिबलपर्यंतची रेघ साधारण ठीक धरतात. रेघ बाकी सपाट आणि 4000 च्या आसपास खड्डा पडून 8000 ला पुन्हा वर आली असेल, तर ती आवाजाने झालेल्या इजेची खूण. आपल्याकडे हा खड्डा कुठून येतो ते शोधायला लांब जायला नको. विट्याचे यंत्रमाग, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं ग्राइंडिंग, तासगावच्या द्राक्षबागेत बिनकेबिनच्या ट्रॅक्टरमागे चालणारा ब्लोअर, मिरवणुकीतली डीजेची भिंत. 85 डेसिबल आठ तास ही सुरक्षिततेसाठी शिफारस केली जाणारी मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने 100 डेसिबलला 15 मिनिटंच मिळतात. कापसाचा बोळा जवळपास काहीच अडवत नाही. फोमचा प्लग बोटांत घट्ट वळायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काम करत नाही.

आता आवाज येतो कुठून? एका कानात आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात आणि माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपलं आवाजाचं बटण वाढवतो. मंडपातल्या अँप्लिफायरला माइक जोडलेला नसताना आवाज वाढवा, भोंग्यातून 'स्स्स' ऐकू येईल. बाहेर कुणी बोलत नसतं, यंत्राची स्वतःचीच खरखर मोठी झालेली असते. ही खरखर सगळ्यांत असते. 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा 94 टक्के लोकांनी काही ना काही ऐकू येत असल्याचं सांगितलं.

मग आलेख नॉर्मल येऊनही शिट्टी का? कारण 8000 च्या वरचं नेहमीच्या चाचणीत पाहतच नाहीत. शिवाय 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण केसपेशी आणि नस यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले राहतात. माणसातही तसं होत असावं, असं मानायला जागा आहे. म्हणून डॉक्टर जेव्हा 'विशेष काही सापडलं नाही' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ धोक्याची कारणं तपासून बाद झाली, असा घ्यायचा. पुष्कळ रुग्ण नेमकं इथेच खचतात आणि तिसरा, चौथा डॉक्टर शोधत निघतात. आमच्या मते त्या हिंडण्यातच आवाज पक्का होतो. मेंदू ज्याला धोका समजतो त्याच्याकडे कान देत राहतो, आणि रोजचा नवा तपास त्याला हेच सांगत असतो की धोका अजून संपलेला नाही.

कारणांच्या यादीत स्वतः तपासण्याजोग्या दोन गोष्टी मात्र आहेत. एक, औषधं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, क्विनिन, अमिकासिन-जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, सिस्प्लॅटिन यांचा कानाशी संबंध असतो. टीबीची किंवा कर्करोगाची औषधं मनाने बंद करू नका, ते फार महागात पडतं. दुसरी, मळ. आंघोळीनंतर कान एकाएकी बंद झाला असेल तर मळ पाणी पिऊन फुगलेला असतो. पडदा शाबूत आहे हे पाहून डॉक्टर मळ मऊ करायचे थेंब देतात. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार थेंब कानात गेला की चक्कर येते. पहिले एक-दोन दिवस दडा वाढल्यासारखा वाटतो, ते मळ भिजल्याचं लक्षण असतं. काडी, हेअरपिन आणि लसूण टाकून तापवलेलं तेल, तिन्ही लांब ठेवा. तेलाने कातडी भाजते आणि पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं.

कान वाजतात म्हणून बीटाहिस्टिन किंवा गिंकोच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. चाचण्यांत त्यांचा आवाजावर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसलेला नाही. बी-12 रक्तात कमी असेल तर जरूर भरून काढा, पण ते इंजेक्शन शिट्टी बंद करेल अशी आशा धरू नका.

उपयोग होतो तो शांतता मोडण्याचा. रात्री खोली निःशब्द ठेवू नका. पंखा, पावसाचा आवाज, किंवा मोबाइलवर मंद तानपुरा. तानपुरे बनवणाऱ्या मिरजेच्या माणसाला हे सांगायला नको, की सलग वाजणारा तानपुरा थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो आणि तरी तो चालूच असतो. कानातल्या आवाजाचंही तेच व्हायला हवं. आवाज इतकाच ठेवा की शिट्टी त्यात मिसळेल, पण बुडणार नाही. पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही आणि तानपुरा बंद करताच ती नव्याने टोचते. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही कामं होतात: बोलणं कळतं आणि मेंदूला बटण वाढवण्याची गरज उरत नाही.

एक दिलाशाची गोष्ट यंत्रावर मोजता येते. बाहेरचा स्वर देऊन कानातल्या आवाजाशी जुळवला, तर तो बहुतेकांत ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा दहा डेसिबलनेही वर नसतो. त्रास ठरतो तो त्याच्याभोवतीच्या भीतीने आणि जागरणाने, आणि त्या दोन्हींवर समुपदेशनाचा, विशेषतः सीबीटी पद्धतीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत), चांगला परिणाम होतो. झोप उडाली असेल, मन घाबरंघुबरं होत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. जबडा आवळला किंवा मान वळवली की आवाज बदलत असेल, तर दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा. झोपेत दात खाण्याची सवय हे एक सुटण्याजोगं कारण आहे.

दिवसातून दहा वेळा कान झाकून 'आहे का अजून' असं तपासू नका. तीन ते सहा महिन्यांनी एकदाच ऑडिओमेट्री परत करा. मध्येच ऐकणं घसरलं, ठोका सुरू झाला किंवा चक्कर आली तर लगेच. आणि पहिला आलेख फाइलला लावून ठेवा. नवा आलेख तुलनेला जुना असेल तरच खरं बोलतो.