समुद्रकाठची खासगी वसाहत

समुद्रालगत एकाच कुंपणाच्या आत बांधलेल्या आणि रस्ते, पाणी, दिवे व पहारा यांचा खर्च सहकारी संस्थेमार्फत वाटून घेणाऱ्या मोजक्या घरांच्या समूहास समुद्रकाठची खासगी वसाहत म्हणतात. कोल्हापूरला समुद्र नाही. पाण्याकाठच्या घराची हौस शहरात रंकाळा तलावावर भागवावी लागते. मात्र आंबा, करूळ आणि फोंडा या घाटांनी कोकण जवळ आल्यामुळे येथील अनेकांच्या मनातले दुसरे घर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर असते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शिरोळ-कागलच्या ऊसउत्पादकाला ही अट आड येत नाही, हा त्याचा मुंबईकरावरचा फायदाच होय. घरे बांधून विकायची असल्यास जमीन बिगरशेती करून घेणे मात्र त्यालाही चुकत नाही.

घर पाण्यापासून किती दूर असावे, हे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने ठरते. पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास सामान्यतः मनाई असून, २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या भागांसाठी, हे अंतर ५० मीटरवर आणले. त्यामुळे जाहिरातीतले ‘सी-फेसिंग’ घर प्रत्यक्षात बहुधा सुरूच्या किंवा माडांच्या राईमागे उभे असते.

खाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतली सळई गंजवतात, गंज फुगतो आणि स्लॅबला तडे जातात. जांभ्याच्या जुन्या घरांत सळईच नसल्याने हा रोग नाही. विहिरीचा उपसा वाढला की गोड्या पाण्याखालचे खारे पाणी वर सरकते. पोहण्याचा तलाव ठेवणाऱ्या वसाहतींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अशा वसाहतीचे कुंपण वाळूपर्यंत पोहोचत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार भरती-ओहोटीमधला पट्टा सरकारी मालकीचा असल्याने ‘प्रायव्हेट बीच’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे. मालवणकडे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर याच वाळूवरून अनेक माणसे मिळून ओढतात. किनाऱ्याकडे जाणारी गावाची पाणंद गेटआड गेली, तर तंटा उभा राहतो तो या वहिवाटीवरून.